सुपरवायझर ते सुरक्षा अधिकारी: शॉप फ्लोअरवरचा अनुभव बरोबर घेऊन नव्या पेशात जाताना

कारखान्यात दहा-बारा वर्षे सुपरवायझर म्हणून काढलेल्या माणसाला चाळिशीच्या आसपास एक प्रश्न छळू लागतो. उत्पादन विभागात वरची जागा एकच असते आणि तिच्यावर पाच जणांचे डोळे असतात, रात्रपाळी अंगावर येऊ लागते, आणि दुसरे काही करावे म्हटले तर ‘आपल्याला याशिवाय येते तरी काय’ या विचाराने पाऊल अडते. मी चाकणच्या औद्योगिक पट्ट्यात अकरा वर्षे प्रेस शॉप, म्हणजे पत्रा दाबून त्याचे भाग बनवणारा विभाग, सांभाळले आणि नंतर सुरक्षा अधिकारी (सेफ्टी ऑफिसर) झालो. त्या वाटेवर जे कळले, आणि जे आधी कळले असते तर माझे वर्ष-दीड वर्ष वाचले असते, ते येथे क्रमाने मांडत आहे. यंत्र अभियांत्रिकी, विद्युत किंवा रसायन शाखेची पदविका अथवा पदवी आणि कारखान्यातला प्रत्यक्ष अनुभव ज्यांच्याकडे आहे, त्यांना डोळ्यांसमोर ठेवून हा लेख लिहिला आहे.

हा बदल म्हणजे पाटी पुसून नव्याने सुरुवात करणे नव्हे, हे आधीच सांगितले पाहिजे. या पेशात जुन्या कामाचे ज्ञान हेच मुख्य भांडवल असते आणि नवे शिक्षण त्याला कायद्याची मान्यता मिळवून देते. पुढची प्रत्येक पायरी याच समजुतीवर उभी आहे.

पहिली पायरी: कायदा काय मागतो ते वाचा

सुरक्षा अधिकारी हे पद मालकाच्या मर्जीवर अवलंबून नसते, ते कायद्याने ठेवावे लागते. कारखाने अधिनियम, १९४८ मध्ये १९७६ च्या दुरुस्तीने कलम ४०-ब घालण्यात आले आणि १,००० किंवा त्याहून अधिक कामगार असलेल्या कारखान्यांना सुरक्षा अधिकारी नेमणे बंधनकारक झाले. डिसेंबर १९८४ मधील भोपाळच्या वायुकांडानंतर १९८७ साली याच अधिनियमात घातक प्रक्रियांसाठी स्वतंत्र प्रकरण आले. आता व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य आणि कार्यस्थिती संहिता, २०२० ही २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली असून तिने कामगारसंख्येची मर्यादा बरीच खाली आणली आहे. साध्या कारखान्यासाठी ती ५००, घातक प्रक्रिया चालणाऱ्या कारखान्यासाठी २५०, बांधकामासाठी २५० आणि खाणीसाठी १०० अशी आहे. मधल्या आकाराच्या ज्या कारखान्यांना पूर्वी हे पद ठेवावे लागत नव्हते त्यांनाही आता ते ठेवावे लागणार आहे, आणि बाहेरून येणाऱ्याच्या दृष्टीने ही मोठी गोष्ट आहे.

पात्रतेची चौकट वर्षानुवर्षे साधारण एकच राहिली आहे. अभियांत्रिकी पदवीधराला पर्यवेक्षकीय कामाचा किमान दोन वर्षांचा आणि पदविकाधारकाला पाच वर्षांचा अनुभव लागतो, त्याखेरीज औद्योगिक सुरक्षेची मान्यताप्राप्त पदविका लागते, आणि तिसरी अट म्हणजे त्या भागातील बहुसंख्य कामगारांची भाषा पुरेशी येणे. महाराष्ट्रात यासाठी १९८२ चे स्वतंत्र सुरक्षा अधिकारी नियम आहेत. ज्या राज्यात नोकरी करायची आहे तेथील चालू नियम औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालयाच्या कार्यालयातून किंवा संकेतस्थळावरून मिळवून, अभ्यासक्रमाची फी भरण्याआधी, स्वतः वाचावेत. कोणी सांगितले म्हणून त्यावर विसंबू नये.

भाषेच्या अटीकडे लोक सहज काणाडोळा करतात. चाकण, रांजणगाव किंवा तळोजा येथे पाळीत उभे राहिले की मराठीबरोबर हिंदीही लागते, कारण कंत्राटी कामगारांत बिहार, उत्तर प्रदेश आणि ओडिशाहून आलेले तरुण मोठ्या संख्येने असतात. इंग्रजीत छापलेली कार्यपद्धती त्यांना कळेल अशा चार वाक्यांत सांगता येणे हे कौशल्य आहे, आणि तुम्ही ते रोज सकाळी पाळी सुरू होताना वापरत आला आहात.

दुसरी पायरी: स्वतःच्या अनुभवाची मोजदाद

नोकरी सोडण्याचा विचार मनात आला की पहिल्या महिन्यात फक्त हे एक काम करावे. एक जाड वही घ्यावी आणि आजवर जी यंत्रे, जी कामे आणि जी माणसे सांभाळली त्यांची एकेक नोंद करावी: काम कोणते, त्यात धोका कोठे होता, तो कमी करण्यासाठी आपण काय केले आणि त्याचा कागदोपत्री पुरावा काय आहे. सुरुवातीला वाटते की लिहिण्यासारखे काही नाही, पण पंधरा दिवसांत वही भरते.

माझ्या वहीतली एक नोंद सविस्तर सांगतो, म्हणजे या मोजदादीचा अर्थ लक्षात येईल. पॉवर प्रेसला दोन हातांची बटणे असतात. दोन्ही दाबल्याखेरीज स्लाइड, म्हणजे प्रेसचा वरचा दाबणारा भाग, खाली येत नाही, म्हणजे स्ट्रोकच्या वेळी ऑपरेटरचे दोन्ही हात डायच्या, म्हणजे पत्र्याला आकार देणाऱ्या साच्याच्या, बाहेर राहतात. ज्याने जुन्या प्रेसवर पाळ्या काढल्या आहेत त्याला हेही ठाऊक असते की एखाद्या रात्री त्यातले एक बटण लाकडी पाचर ठोकून दाबून ठेवलेले सापडते. फक्त पुस्तक वाचून आलेला अधिकारी अहवालात ‘ऑपरेटरचा निष्काळजीपणा’ असे लिहून मेमो देतो. प्रेसवर वाढलेला माणूस आधी विचारतो की याला एक हात मोकळा कशासाठी हवा होता. आमच्याकडे त्याचे उत्तर डायमध्ये मिळाले. तेल लावलेला पातळ पत्रा डायला चिकटून बसत होता, तयार पार्ट चुटवरून (उतरत्या घसरपट्टीवरून) घसरत नव्हता, आणि तासाचा आकडा गाठण्यासाठी ऑपरेटर तो डाव्या हाताने ओढत होता. पाचर काढून घेतली असती तर दुसऱ्या दिवशी तेथे चिकटपट्टी आली असती. आम्ही पार्ट सुटण्यासाठी हवेचा झोत बसवला, चुटचा उतार वाढवला, पार्ट उचलायला चुंबकी चिमटा दिला, आणि प्रत्येक स्ट्रोकनंतर दोन्ही बटणे सोडल्याशिवाय पुढचा स्ट्रोक मिळणार नाही असे कंट्रोल घेतले. त्यानंतर पाचर ठोकायचे कोणालाच कारण उरले नाही.

पुढे अभ्यासक्रमात ‘नियंत्रणाची उतरंड’ शिकवली गेली. धोका मुळातूनच काढून टाकणे, ते जमत नसेल तर कमी धोक्याचा पर्याय आणणे, मग यंत्रात बदल करणे, मग कामाची पद्धत आणि प्रशिक्षण, आणि सर्वांत शेवटी हातमोजे-हेल्मेट अशी ती पाच पायऱ्यांची उतरंड आहे. वर्गात बसल्या बसल्या लक्षात आले की प्रेस शॉपमध्ये आपण यातले बरेच काही केले होते, त्याला नाव मात्र ठाऊक नव्हते. अनुभवी माणसाचा नव्या पेशातला अभ्यास बराचसा असा असतो, आणि म्हणून तो वाटतो तितका जड जात नाही.

प्रत्येक विभागाकडे असे काही ना काही असते. फौंड्रीत काम केलेल्याला ओला भंगार वितळलेल्या धातूत पडला तर काय होते हे सांगावे लागत नाही. पेंट शॉपच्या माणसाला थिनर एका पिंपातून दुसऱ्यात ओतताना अर्थिंग का जोडायचे ते कळते. मेंटेनन्सवाला मेन स्विचला कुलूप आणि टॅग लावल्याशिवाय कन्व्हेयरला हात लावत नाही. हे सारे वहीत आले पाहिजे.

वहीच्या मागच्या बाजूने दुसरी यादी करावी, आपल्याला काय येत नाही याची, आणि ती तितक्याच प्रामाणिकपणे करावी. माझ्या यादीत कायद्याची कलमे, रसायनांचे आरोग्यावरील परिणाम, आग विझवण्याची शास्त्रशुद्ध माहिती आणि अहवाल लिहिणे या चार गोष्टी होत्या. यांपैकी शेवटच्या गोष्टीने मला सर्वांत जास्त त्रास दिला, कारण सुपरवायझरला सगळे तोंडी सांगण्याची सवय असते आणि या पेशात लिहिले नाही ते घडले नाही असे धरले जाते.

तिसरी पायरी: कागद जुळवणे

ही पायरी लहान आहे, पण येथे अनेकांचे अर्ज अडतात. नियमांत ‘पर्यवेक्षकीय’ अनुभव मोजला जातो. तुमच्या नेमणूकपत्रावर ‘ट्रेनी’ किंवा ‘तंत्रज्ञ’ लिहिलेले असेल आणि प्रत्यक्षात तुम्ही चार वर्षे तीस माणसांची पाळी चालवत असाल, तर ती चार वर्षे कागदावर दिसत नाहीत. म्हणून नोकरीत असतानाच, संबंध चांगले असतानाच, मनुष्यबळ विभागाकडून कंपनीच्या लेटरहेडवर पत्र घ्यावे. त्यात कोणत्या तारखेपासून कोणत्या तारखेपर्यंत, कोणत्या विभागात, किती कामगारांचे पर्यवेक्षण केले हे स्पष्ट असावे. राजीनाम्यानंतर हे पत्र मिळवायला फार हेलपाटे पडतात.

चौथी पायरी: योग्य अभ्यासक्रम निवडणे

औद्योगिक सुरक्षेची प्रगत पदविका साधारण एका वर्षाची असते. मुंबईत शीव येथील केंद्रीय श्रम संस्थेत ती चालते, आणि महाराष्ट्र राज्य तंत्रशिक्षण मंडळाशी संलग्न काही संस्थांतही तो अभ्यासक्रम आहे. प्रवेशाआधी संस्थेला एकच प्रश्न लेखी विचारावा: या पदविकेवर राज्याच्या नियमांनुसार सुरक्षा अधिकारी म्हणून माझी नेमणूक होऊ शकते का, आणि त्या मान्यतेचा आदेश कोणता आहे? उत्तर तोंडी आणि गोलमोल आले तर तेथून परत फिरावे.

हे मी पोळल्यावर शिकलो. माझ्या पहिल्या प्रयत्नात मी एका खासगी संस्थेचे सहा महिन्यांचे पत्राद्वारे मिळणारे प्रमाणपत्र घेतले. जाहिरातीत ‘देशभर मान्य’ असे शब्द होते, फी हप्त्यांत होती आणि परीक्षा घरबसल्या होती. पहिल्याच मुलाखतीत समोरच्या गृहस्थांनी ते प्रमाणपत्र पाहिले, शांतपणे बाजूला ठेवले आणि म्हणाले, “हे ज्ञानासाठी ठीक आहे, पण कारखाना निरीक्षकांसमोर मला तुमचे नाव देता येणार नाही.” पैसे गेले त्याहून, घरच्यांना रविवार नाकारून केलेला तो सहा महिन्यांचा अभ्यास वाया गेला याचे वाईट अधिक वाटले.

परदेशी प्रमाणपत्रांबद्दल नवखे लोक फार विचारतात. नेबॉश या ब्रिटिश परीक्षा संस्थेचे आंतरराष्ट्रीय प्रमाणपत्र आखाती देशांतील बांधकाम आणि तेल प्रकल्पांवर उपयोगी पडते आणि भारतातील काही बहुराष्ट्रीय कंपन्याही ते पाहतात. तरीही भारतीय कारखान्यातील वैधानिक पदासाठी ते राज्यमान्य पदविकेची जागा घेत नाही. आधी पदविका, मग गरज पडली तर ते, हा क्रम मला योग्य वाटतो. आयएसओ ४५००१ या कामाच्या जागच्या सुरक्षा आणि आरोग्य व्यवस्थापनाच्या २०१८ च्या मानकाचे अंतर्गत लेखापरीक्षकाचे प्रशिक्षण मात्र थोड्या दिवसांत होते, आणि ज्यांनी गुणवत्ता विभागात ऑडिट पाहिले आहे त्यांना ते चटकन जमते.

पाचवी पायरी: जुन्या नोकरीतच नव्या कामाला सुरुवात

अभ्यासक्रम चालू असताना, किंवा त्याच्याही आधी, सध्याच्या कारखान्यात सुरक्षेचे जे काम पडून आहे ते मागून घ्यावे. सुरक्षा समिती असेल तर तिचे सदस्यत्व घ्यावे, मॉक ड्रिलमध्ये हजेरी घेण्याची जबाबदारी घ्यावी, प्रथमोपचार आणि अग्निशमनाच्या प्रशिक्षणाला नाव द्यावे. राष्ट्रीय सुरक्षा परिषदेची स्थापना ४ मार्च १९६६ रोजी झाली, त्या निमित्ताने दरवर्षी ४ ते १० मार्च हा सुरक्षा सप्ताह पाळला जातो. त्या आठवड्यात बहुतेक कारखान्यांत घोषवाक्ये आणि चित्रकला स्पर्धा होतात. तुम्ही त्याऐवजी आपल्या विभागातील एका यंत्राची धोका-पाहणी करून दाखवा. पाहणीची पद्धत सोपी आहे: काम टप्प्याटप्प्याने लिहावे, प्रत्येक टप्प्यात काय बिघडू शकते ते लिहावे, घडण्याची शक्यता आणि परिणामाची तीव्रता यांना १ ते ५ गुण देऊन त्यांचा गुणाकार करावा, आणि सर्वांत मोठा आकडा आला तेथे आधी हात घालावा. अशा दोन-तीन पाहण्या हाताशी असल्या की मुलाखतीत बोलायला स्वतःचे काम असते. अर्थात कंपनीची गोपनीय माहिती आणि ग्राहकांची नावे बाहेर नेऊ नयेत, पद्धत आणि निष्कर्ष पुरेसे असतात.

सहावी पायरी: बायोडेटा आणि मुलाखत

उत्पादनातला माणूस बायोडेटा उत्पादनाच्या भाषेत लिहितो आणि तेथेच मागे पडतो. ‘प्रेस शॉपमध्ये तीन पाळ्यांचे उत्पादन सांभाळले, लक्ष्य पूर्ण केले’ हे वाक्य खरे असले तरी वाचणाऱ्याला त्यातून सुरक्षेचे काहीच कळत नाही. तोच अनुभव असा लिहिता येतो: ‘चौदा पॉवर प्रेस आणि पाळीमागे बत्तीस कामगारांचे पर्यवेक्षण केले, रोज पाळीच्या सुरुवातीला पाच मिनिटांची सुरक्षा चर्चा घेतली, डाय बदलताना सेफ्टी ब्लॉक (स्लाइड खाली पडू नये म्हणून लावायचा ठोकळा) लावल्याशिवाय काम सुरू करू न देण्याची पद्धत बसवली.’ यात नवे काही जोडलेले नाही, तेच काम दुसऱ्या बाजूने सांगितले आहे. जे केले नाही ते मात्र एक ओळही लिहू नये. हे क्षेत्र लहान आहे आणि मुलाखत घेणाऱ्याने बहुधा तुमचा कारखाना पाहिलेला असतो.

मुलाखतीत आकडेमोड विचारली जाते, विशेषतः अपघातांचा वारंवारता दर. कामाचा वेळ वाया गेलेल्या अपघातांच्या संख्येला दहा लाखांनी गुणून एकूण मनुष्यतासांनी भागले की तो मिळतो. कारखान्यात ५०० कामगार असतील, प्रत्येकाचे वर्षाचे २,४०० तास भरले असतील आणि असे ३ अपघात झाले असतील, तर मनुष्यतास १२ लाख होतात आणि दर २.५ येतो. बंदिस्त टाकीत उतरण्यापूर्वी ऑक्सिजन १९.५ ते २३.५ टक्क्यांच्या दरम्यान असल्याचे मोजून पाहावे लागते, हेही हमखास विचारतात.

त्यानंतर खरा प्रश्न येतो: ‘गाडी भरायला उभी आहे, यंत्राचे गार्ड काढलेले आहे, उत्पादन प्रमुख म्हणतात की अर्धा तास चालू द्या. तुम्ही काय कराल?’ उत्पादनातून आलेल्या माणसाला हा प्रश्न मुद्दाम विचारला जातो, कारण कालपर्यंत तो त्या प्रमुखाच्या बाजूने उभा होता. यंत्र थांबवीन, हे उत्तर तर द्यायचेच, पण तेवढ्यावर थांबू नये. गार्ड का काढले, ते परत बसवायला किती वेळ लागेल, तोवर तोच पार्ट दुसऱ्या यंत्रावर काढता येईल का, हे तुम्हाला कळते आणि ते तुम्ही तेथेच सांगितले पाहिजे. हे सांगता येणे हा नुकत्याच पास झालेल्या उमेदवाराच्या पुढे असलेला तुमचा फायदा आहे.

सातवी पायरी: पैशाचा हिशेब

पहिल्या नेमणुकीत पगार सध्याइतकाच किंवा थोडा कमी मिळण्याची तयारी ठेवावी, कारण नव्या पेशातली तुमची वर्षे शून्यापासून मोजली जातात. घरखर्चाचे किमान सहा महिन्यांचे पैसे बाजूला असल्याशिवाय राजीनामा देऊ नये, आणि हा निर्णय घरात बसून, आकडे कागदावर मांडून घ्यावा. सलग पाच वर्षे पूर्ण झाली असतील तर ग्रॅच्युइटीचा हक्क लागू होतो. ज्या वेतनावर ती मोजली जाते ते २६,००० रुपये असेल आणि सेवा १२ वर्षे असेल, तर २६,००० ला २६ ने भागून १५ आणि १२ ने गुणावे. रक्कम १,८०,००० येते. साडेचार वर्षे झालेल्या माणसाने सहा महिने थांबणे म्हणूनच शहाणपणाचे असते. भविष्य निर्वाह निधी काढून घेऊ नये, त्याच यूएएन क्रमांकावर (भविष्य निर्वाह निधीच्या कायम खाते क्रमांकावर) नव्या कंपनीत वर्ग करावा. मध्येच काढला तर सेवेची साखळी तुटते, आणि निवृत्तिवेतनासाठी लागणारी दहा वर्षे पूर्ण होण्यात अडचण येते.

नव्या खुर्चीतले पहिले महिने

पहिल्या दिवसापासून दंड आणि मेमो यांच्या मागे लागू नये. पहिले तीन आठवडे फक्त फिरावे, तिन्ही पाळ्यांत फिरावे, आणि रात्री तीनच्या सुमाराला एकदा तरी उभे राहावे, कारण दिवसा दिसणारा कारखाना आणि रात्रीचा कारखाना हे वेगळे असतात. वेल्डिंगचे हॉट वर्क परमिट, म्हणजे आगीचा धोका असलेल्या कामाचा लेखी परवाना, कोण भरतो, सही करणारा जागेवर जाऊन पाहतो की टेबलावरच सही करतो, हे त्या वेळी कळते. जुन्या सवयीने उत्पादनाच्या अडचणी सोडवायला धावण्याचा मोहही याच काळात होतो. तो आवरावा, कारण आता तुमचे काम सल्ला देणे, तपासणे आणि गरज पडली तर थांबवणे हे आहे.

थोडक्यात टळलेल्या अपघातांची, म्हणजे नियर मिसची, नोंदवही लगेच सुरू करावी आणि ती सुपरवायझरच्या केबिनमध्ये न ठेवता पाण्याच्या कूलरजवळ ठेवावी. माझ्याकडे पहिल्या महिन्यात तीन नोंदी झाल्या आणि तिन्ही माझ्या हस्ताक्षरातल्या होत्या. नाव लिहिले की आपल्यावरच शेकते, असे कामगारांना वाटत होते. तिसऱ्या महिन्यात एका कंत्राटी हेल्परने हिंदीत एक ओळ लिहिली की दोन नंबरच्या क्रेनच्या हुकाची लॅच तुटली आहे आणि स्लिंग निसटते. क्रेन त्याच वेळी बंद ठेवून लॅच दुपारपर्यंत बदलून घेतली, नोंदीसमोर तारीख आणि ‘काम पूर्ण’ असे लिहिले, आणि संध्याकाळच्या पाळीच्या चर्चेत त्या मुलाला पुढे बोलावून त्यानेच ते सर्वांना सांगावे असे केले. त्या आठवड्यात वहीत नऊ नोंदी आल्या.